परदेशी बाजारातून घाऊक कपडे मागवताना: नमुन्यापासून गोदामापर्यंत

तीन दुकानांत एकाच टी-शर्टचे तीन भाव मिळाले, तर बहुतेक वेळा ते तीन वेगळे टी-शर्ट असतात. एक १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाच्या) कोम्ब्ड, म्हणजे आखूड तंतू विंचरून काढलेल्या सुताचा, दुसरा १५० जीएसएमच्या कार्डेड, म्हणजे नुसत्या पिंजलेल्या सुताचा आणि तिसऱ्यात कॉटनच्या नावाखाली बरंच पॉलिएस्टर. हातात घेतल्यावर इस्त्री केलेले तिन्ही छान वाटतात. फरक दिसतो तो चौथ्या धुण्यानंतर, आणि तोवर माल समुद्र ओलांडून आलेला असतो. परत पाठवायचा खर्च मालापेक्षा जास्त. म्हणून भाव विचारण्याआधी कपडा नेमका कोणता हवा ते कागदावर उतरवा. पुढची सगळी घासाघीस, तपासणी, भांडण आणि भरपाई याच कागदावर चालते.

कागदावर काय असावं

कापडाची रचना टक्क्यांत लिहा: कॉटन ९५, इलास्टेन (ताणणारा धागा) ५. वजन जीएसएममध्ये, मान्य फरकासह, म्हणजे १८० जीएसएम, ५ टक्के कमी-जास्त चालेल. रंग पॅन्टोन या रंगपुस्तिकेच्या टीसीएक्स (कापडावरच्या रंगांच्या) क्रमांकाने द्या. ‘नेव्ही ब्लू’ म्हटलं की प्रत्येक डाईंगवाल्याच्या डोळ्यासमोर वेगळा निळा येतो, आणि मोबाइलवरच्या फोटोवरून रंग ठरवणं म्हणजे वाद विकत घेणं. शिलाईचे टाके दर इंचाला किती (साध्या कपड्यांना १० ते १२ ठीक), बटण, चेन, लेबल, घडी आणि पिशवी हेही त्याच कागदावर.

मापं नेहमी सेंटिमीटरमध्ये. एस, एम, एल या अक्षरांना स्वतःचा अर्थ नाही. पूर्व आशियातल्या बाजारांतला एल अनेकदा युरोपीय एम किंवा एससारखा बसतो, आणि ‘फ्री साइझ’ म्हणजे पुष्कळदा एकाच बारीक बांध्यासाठी शिवलेला कपडा. छातीचं माप बगलेच्या शिवणीखाली अडीच सेंटिमीटरवर, कपडा सपाट ठेवून घ्यायचं, असं मोजण्याचं ठिकाणसुद्धा लिहा. दोन माणसं दोन जागी टेप लावतात आणि दोघंही खरं बोलतात. छातीला १ सेंटिमीटर, लांबीला १ ते १.५ सेंटिमीटर फरक चालवून घेण्याची पद्धत आहे.

साइझचं प्रमाणही आत्ताच ठरवा. एस, एम, एल, एक्सएलसाठी १:२:२:१ हे नेहमीचं, पण तुमच्या विक्रीची नोंद असेल तर तीच धरा. प्रमाण न सांगितल्यास कारखाना त्याला सोयीचं कटिंग करतो आणि शेवटी गोदामात नुसते एस उरतात.

कोणत्या बाजारात काय

परदेशी खरेदीचे दोन वेगळे धंदे आहेत: तयार मालाचा बाजार आणि ऑर्डरवर शिवून घेणं. पहिल्यात थोडे नग, रोज नवी फॅशन, पण तोच माल पुन्हा मिळेल याची खात्री नाही. दुसऱ्यात वेळ आणि कमीत कमी नगांची अट जास्त, पण कपडा तुमच्या कागदाप्रमाणे.

ग्वांगझूमध्ये शाहे हा स्वस्त आणि झपाट्याने फिरणाऱ्या मालाचा बाजार. तो पहाटे उघडतो आणि दुपारी मंदावतो, त्यामुळे सकाळी दहाला पोहोचणाऱ्याला उरलेलं मिळतं. शिसानहांगमध्ये बायकांची चालू फॅशन, तर रेल्वे स्टेशनाजवळच्या बायमा इमारतीत त्याहून वरच्या दर्जाचा माल. चीनमध्ये वस्तूगणिक गावं वाटली गेली आहेत: लहान मुलांचे कपडे हूझौजवळच्या झिलीत, मोजे झूजीच्या दातांगमध्ये, कापड शाओशिंगच्या कचियाओत. यिवू मुख्यतः किरकोळ वस्तूंसाठी नावाजलेलं, तिथे स्कार्फ, टोप्या, मोजे चांगले मिळतात. ड्रेस आणि जॅकेटसाठी तिथे वेळ घालवू नये. ग्वांगझूचा कँटन फेअर वर्षातून दोनदा भरतो आणि कपडे-कापडाचे गाळे तिसऱ्या टप्प्यात असतात. पहिल्या टप्प्याचं तिकीट काढून गेलात, तर समोर यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स दिसेल.

सोलचं दोंगदेमून रात्रीचा बाजार आहे, घाऊक व्यवहार संध्याकाळनंतर सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात. तिथे दुकानादुकानांतून माल गोळा करून देणारी माणसं असतात, त्यांना ‘साइप सामचोन’ म्हणतात. बाहेरच्या खरेदीदाराने त्यांच्यामार्फत काम केलेलं सोपं पडतं. बँकॉकमध्ये प्रतुनाम, प्लॅटिनम मॉल आणि बोबे. प्रतुनाम-प्लॅटिनमला मोजक्या नगांवरही घाऊक भाव लागतो, म्हणून पहिल्या खरेदीला हा बाजार कमी जोखमीचा. इस्तंबूलमध्ये लालेली, मेर्तेर आणि उस्मानबे. तिथे माल ‘सेरी’ने विकतात, म्हणजे एका डिझाइनच्या सगळ्या साइझचा एक संच. सेरी फोडून मागू नका, भाव लगेच बदलतो.

बांगलादेशाचं बळ मोठ्या ऑर्डरमध्ये आहे: टी-शर्ट, शर्ट, जीन्स, स्वेटर. शेकड्यातल्या नगांसाठी तिथला निर्यातीचा कारखाना सहसा मशीन लावणार नाही.

सुट्ट्या आधी पाहून ठेवा. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येतं आणि सुट्टीच्या आधीपासून नंतरपर्यंत तीन-चार आठवडे कारखान्यांचं काम विस्कळीत असतं. सुट्टीच्या आधीच्या पंधरवड्यात घाईने शिवलेला माल सगळ्यात जास्त बिघडतो. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा चीनमध्ये बंद, १३ ते १५ एप्रिल थायलंडमध्ये सोंगक्रान, आणि ईदच्या आसपास ढाका-इस्तंबूल थंड.

तयार मालाच्या बाजारात अंगावर घालून बघू देत नाहीत. टेप आणि छोटा डिजिटल काटा जवळ ठेवा, दुकानाचं कार्ड आणि डिझाइनचा क्रमांक एकाच फोटोत टिपा. आवडलेल्या डिझाइनचे आधी २०-३० नग घेऊन तपासा, मग दोन-चार दिवसांत मोठी खरेदी करा. फार थांबलात तर ते डिझाइन संपलेलं असेल. एक धोका स्पष्ट सांगायला हवा: नामवंत ब्रँडचं लेबल लावलेला ‘एक्स्पोर्ट सरप्लस’ स्वस्तात दाखवतात. तो खरा असला तरी ब्रँडमालकाच्या परवानगीशिवाय आयात करणं अनेक देशांत अडचणीचं, आणि खोटा असला तर जकात खातं जप्त करून नष्ट करतं. अशा मालाच्या वाटेला जाऊ नये.

सॅम्पल घरी तपासणं

सॅम्पल दुकानातल्या मांडणीतलं नको, ऑर्डरच्याच कापडाचं आणि सुताचं हवं. आल्याबरोबर या चाचण्या करा, खर्च जवळजवळ नाही.

वजन: कापडाचा १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापा, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला आणि १०० ने गुणा. १.८० ग्रॅम आलं तर १८० जीएसएम. तीन वेगळ्या जागचे तुकडे घेऊन सरासरी काढा.

आटणं: कपड्यावर ३५ सेंटिमीटरचा चौकोन न पुसणाऱ्या पेनाने आखा, लेबलवर लिहिल्याप्रमाणे तीनदा धुऊन वाळवा आणि पुन्हा मोजा. मागावरच्या कापडाला ३ टक्के आणि होजिअरीला (टी-शर्टसारख्या फासांनी विणलेल्या, ताणणाऱ्या कापडाला) ५ टक्के ही सर्वसाधारण मर्यादा. त्याच वेळी बाजूची शिवण पाहा. ती पोटाकडे वळली असेल तर सुताचा पीळ कापडात तसाच राहिला आहे आणि फिनिशिंग घाईत उरकलं आहे. हा दोष इस्त्रीने झाकता येतो, म्हणून धुतल्याशिवाय सॅम्पल पास करूच नका.

रंग: पांढरं सुती फडकं ओलं करून कपड्यावर दहा वेळा घासा, मग कोरड्याने दहा वेळा. गडद लाल, काळा आणि डेनिम यांत ओल्या घासणीला थोडा रंग येतोच, पण फडकं स्पष्ट रंगलं तर तो कपडा पांढऱ्या कॉलरच्या किंवा पट्ट्यांच्या डिझाइनला घेऊ नका. रंग दिवसाच्या उजेडात आणि दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये असा दोन्हीकडे जुळवा. एका उजेडात जुळणारे दोन रंग दुसऱ्यात फटकून दिसतात, आणि सूट किंवा टॉप-पँटच्या जोडीत हे फार बोचतं.

तंतू: चार-पाच धागे चिमट्यात धरून जाळा. कॉटनला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. मिश्रण आहे की नाही एवढंच यातून कळतं. टक्केवारीसाठी प्रयोगशाळेचा अहवाल हवा आणि तो मोठ्या ऑर्डरला घ्यावाच, कारण लेबलवर खोटी टक्केवारी गेली तर आयात करणारा जबाबदार धरला जातो. मुलांच्या कपड्यांना आणि युरोपला जाणाऱ्या मालाला रसायनांची तपासणीही लागते: बंदी असलेले अॅझो रंग, बटण-चेनमधलं निकेल, फॉर्मल्डिहाइड. लहान मुलांच्या टोपीला किंवा गळ्याला लोंबती दोरी युरोपच्या मानकात बसत नाही. असा माल डिझाइनच्या पायरीलाच गाळावा.

पसंत सॅम्पलचे तीन संच करा, दोघांनी सही करून सीलबंद करा: एक तुमच्याकडे, एक कारखान्यात, एक तपासनिसाकडे.

ऑर्डर आणि पैसे

कारखाना ‘कमीत कमी ५०० नग’ म्हणतो तेव्हा ते एका डिझाइनला की एका रंगाला, हे विचारा. ही अट मुख्यतः डाईंगच्या भांड्यातून येते. एक रंग घालायचा तर भांडं भरेल इतकं कापड लागतं, त्यामुळे पाच रंगांत शंभर-शंभर नग मागणाऱ्याला कारखाना कुठूनतरी तयार रंगाचं कापड आणून देतो, आणि त्यात लॉट मिसळतात, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेलं कापड एकत्र येतं. नग कमी असतील तर रंग कमी करा, किंवा गिरणीकडे तयार असलेल्या रंगांतूनच निवडा. एका खोक्यात एकाच डाय-लॉटचा माल भरायचा, हे लिहून द्या.

समोरचा कारखानदार आहे की दलाल, हे व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटांत उमगतं. कटिंग टेबल, शिलाईच्या रांगा आणि आत्ता चालू असलेला माल दाखवा म्हणा. दलाल वाईट असतो असं नाही, लहान ऑर्डरला तोच कामाला येतो, फक्त त्याचा वाटा आणि जबाबदारी आधी कळायला हवी. नोंदणी प्रमाणपत्रावरचं नाव, इनव्हॉइसवरचं नाव आणि बँक खात्याचं नाव एकच असावं. छोट्या गाळेवाल्याकडे स्वतःचा निर्यात परवाना नसतो आणि तो दुसऱ्याच कंपनीच्या कागदांवर माल काढतो. मग तुम्ही पैसे एकाला दिलेत आणि कागद भलत्याचे, अशी गाठ बँकेत आणि जकातीत बसते. कोण निर्यात करणार, हे ऑर्डरच्या वेळीच नावानिशी लिहून घ्या.

चालू पद्धत ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के तपासणीनंतर. हे ७० टक्के तुमच्या हातातलं एकमेव वजन आहे. ते तपासणी पास होण्याआधी कोणत्याही कारणाने सोडू नका. ‘जहाज आज सुटतंय, पैसे टाका’ ही घाई फार ऐकू येते. पुढचं जहाज बहुधा आठवड्यात असतं, खराब मालाचं दुखणं वर्षभराचं.

बाकी रकमेच्या वेळी ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा ईमेल आला, तर तो खोटा धरूनच चाला. चोर पुरवठादाराचा मेलबॉक्स फोडून नेमक्या त्या दिवशी हुबेहूब इनव्हॉइस पाठवतात. आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून, आवाज ओळखून खात्री केल्याशिवाय नव्या खात्यात पैसा टाकू नये.

मोठ्या रकमेला लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दाखवल्यावर विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी, असतं, पण त्याबद्दल एक गैरसमज पक्का आहे. यूसीपी ६०० या त्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बँक फक्त कागद तपासते, खोक्यात टी-शर्ट आहेत की चिंध्या हे पाहत नाही. म्हणून तुम्ही नेमलेल्या तपासणी संस्थेचं ‘पास’ प्रमाणपत्र हे लागणाऱ्या कागदांच्या यादीत घाला.

तपासणी

शिलाई २०-३० टक्के झाली असताना एकदा, आणि सगळा माल शिवून किमान ८० टक्के खोक्यांत भरल्यावर पुन्हा एकदा. पहिली तपासणी जास्त मोलाची, कारण तेव्हा चूक सुधारता येते.

शेवटच्या तपासणीला आयएसओ २८५९-१ ची सॅम्पलिंग पद्धत वापरतात. किती नग काढायचे ते ठरवणारा नेहमीचा स्तर दुसरा. लॉट ५०१ ते १,२०० नगांचा असेल तर ८० नग काढायचे. मोठ्या दोषांना २.५ ची पातळी (एक्यूएल, म्हणजे चालवून घेण्याजोग्या दोषांची मर्यादा) धरली तर ५ सदोष नगांपर्यंत लॉट पास, ६ ला नापास. लहान दोषांना ४.० धरली तर ७ पर्यंत पास. १,२०१ ते ३,२०० च्या लॉटला १२५ नग, मोठे दोष ७ पर्यंत आणि लहान १० पर्यंत. सुई किंवा टोकदार धातू सापडणं, बुरशी, असे गंभीर दोष मात्र शून्य. भोक, सुटलेली शिवण, चुकीची साइझ हे मोठे दोष, आतल्या बाजूचा लोंबता धागा लहान. ही वर्गवारी तपासणीच्या दिवशी नव्हे, ऑर्डरसोबतच मान्य करून घ्या.

खोकी तपासनिसाने स्वतः निवडावीत, ढिगाच्या मागची आणि तळाचीही. पुढे मांडून ठेवलेली पाच खोकी नेहमीच निर्दोष असतात.

पॅकिंग

परदेशी मालाचं सर्वाधिक नुकसान ओलीने होतं. वाफेच्या इस्त्रीनंतर कपडा गरम असतानाच पिशवीत घातला की वाफ आत अडकते, आणि कंटेनर दिवसा तापून रात्री थंड झाला की छतावर पाणी धरून खोक्यांवर ठिबकतं. कपडे किमान काही तास उघडे निववून मगच भरायला सांगा, कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगा. खोक्यात सिलिका जेल ठेवा. डायमिथाइल फ्युमरेटच्या पुड्या नकोत, त्वचेच्या त्रासामुळे युरोपीय संघाने २००९ मध्ये त्यावर बंदी घातली. पांढरे आणि फिके कपडे पिशवीतच पिवळे पडतात, त्याचं कारण पुष्कळदा प्लॅस्टिकमधलं बीएचटी हे रसायन. बीएचटी नसलेल्या पिशव्या मागा, फरक अगदी थोड्या पैशांचा.

खोकं पाच पदरी, वजन २० किलोच्या आत, आणि बाहेर शिपिंग मार्क, डिझाइन क्रमांक, साइझनिहाय नग आणि ‘१२ पैकी ३’ असा क्रमांक.

वाहतुकीचं गणित

६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरचं खोकं म्हणजे ०.०९६ घनमीटर. विमानाने न्यायचं तर ९६,००० भागिले ६,०००, म्हणजे १६ किलो आकारमानाचं वजन. कुरिअर कंपन्या सहसा ५,००० ने भागतात, मग १९.२ किलो. खरं आणि आकारमानाचं, यांतलं जे जास्त त्याचे पैसे. त्यात शंभर टी-शर्ट भरले तर वजन १७ किलोच्या आसपास, विमानात नुकसान नाही. त्याच खोक्यात ९ किलोची फुगीर जॅकेटं भरली तर पैसे १६ किलोचे. फुगीर माल समुद्रानेच आणावा.

वीस फुटी कंटेनर आतून सुमारे ३३ घनमीटरचा, पण प्रत्यक्षात २८ च्या आसपास भरतो, म्हणजे अशी २९० खोकी. थोडा माल इतरांसोबत सामायिक कंटेनरने येतो. त्यात समुद्राचं भाडं नगण्य दिसतं आणि उतरण्याच्या बंदरावर हाताळणीचं बिल मोठं येतं, म्हणून दर विचारताना दोन्ही टोकांचे खर्च लेखी घ्या. साधारण १३-१५ घनमीटरच्या पुढे स्वतंत्र कंटेनरचा हिशोब करून पाहावा.

इन्कोटर्म्समध्ये, म्हणजे कोणता खर्च आणि जोखीम कोणाची हे ठरवणाऱ्या अटींत, नवख्याने एक्स-वर्क्स (माल कारखान्याच्या दारातच तुमच्या ताब्यात) घेऊ नये, परक्या देशात निर्यातीची जकात सोडवणं तुमच्या गळ्यात पडतं. सीआयएफमध्ये (माल, विमा आणि भाडं धरून किंमत) भाडं विक्रेता ठरवतो, तो स्वस्त एजंट निवडतो आणि तो एजंट उतरण्याच्या बंदरावर वसूल करतो. एफओबी (विक्रेता माल जहाजावर चढवून देतो) किंवा कंटेनरसाठी एफसीए (तो तुमच्या वाहतूकदाराच्या ताब्यात देतो) घ्या आणि फॉरवर्डर, म्हणजे वाहतुकीची व्यवस्था पाहणारा एजंट, स्वतः नेमा.

विमा सीआयएफ किमतीच्या ११० टक्क्यांवर, ‘क्लॉज ए’चा, म्हणजे सर्वांत व्यापक संरक्षणाचा. लहान खरेदीला तो टाळायचा मोह होतो, पण ‘जनरल अॅव्हरेज’ लक्षात ठेवा: जहाज वाचवण्याचा खर्च जहाजमालक आणि मालवाल्या सगळ्यांनी वाटून घ्यायचा जुना सागरी नियम. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हन या कंटेनर जहाजावर तो लागू झाला. विमा नसलेल्याला अशा वेळी स्वतःचा शाबूत माल सोडवायलाही रोख अनामत भरावी लागते.

जकात आणि खरी किंमत

एचएस कोडमध्ये (जकातीसाठी मालाची जागतिक वर्गवारी) होजिअरीचे कपडे प्रकरण ६१, मागावरच्या कापडाचे ६२. कॉटनचा होजिअरी टी-शर्ट ६१०९.१०, इतर तंतूंचा ६१०९.९०, कॉटनचा पुरुषी शर्ट ६२०५.२०. मिश्रणात वजनाने जो तंतू जास्त, त्यावर कोड ठरतो, म्हणजे कापडाची टक्केवारी थेट जकातीला भिडते. मूळ देश म्हणजे कपडा जिथे तयार झाला तो, जिथे विकत घेतला तो नाही. इस्तंबूलच्या दुकानातून घेतलेला चिनी जॅकेटचा माल तुर्की ठरत नाही, आणि व्यापार कराराची सवलत हवी तर मूळ देशाचं प्रमाणपत्र माल निघण्याआधी मागावं लागतं. इनव्हॉइसवर किंमत कमी दाखवू का, असं विक्रेता आपणहून विचारतो. नाही म्हणा. दंड तुम्हाला होतो, आणि माल बुडाला तर विमाही त्याच कमी किमतीचा मिळतो.

हिशोब असा मांडा. माल १०० चा. भाडं आणि विमा ८, झाले १०८. जकात २० टक्के धरली तर २१.६. बंदर, एजंट, स्थानिक वाहतूक ६. तपासणी आणि प्रयोगशाळा २. बेरीज १३७.६. शंभरातले तीन नग विकण्याजोगे नसतील असं धरा आणि ०.९७ ने भागा, आले सुमारे १४२. दुकानात भाव करताना डोक्यात हा आकडा ठेवला, की दोन टक्क्यांसाठी तास घालवण्याऐवजी कापड आणि खोक्याचं आकारमान यांवर बोलणं होतं.

माल दारात आल्यावर

कंटेनरचं सील तोडण्याआधी त्याचा क्रमांक बिल ऑफ लेडिंगशी (जहाज कंपनीच्या मालपावतीशी) जुळवून फोटो घ्या. खोकी मोजा. फाटलेलं किंवा भिजलेलं दिसलं तर डिलिव्हरीच्या पावतीवर तिथेच लिहा, ‘तपासणी बाकी’ एवढं मोघम नको, कोणत्या क्रमांकाचं खोकं आणि काय झालं ते. बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना हेग-विस्बी या सागरी मालवाहतुकीच्या नियमांखाली तीन दिवसांत द्यायची असते आणि दाव्याची मुदत एक वर्ष. विमानाच्या मालाला माँट्रियल करारानुसार सूचनेची मुदत १४ दिवस, दाव्याची दोन वर्षं. त्यामुळे खोकी गोदामात रचून ठेवून ‘सवडीने बघू’ म्हणायचं नाही. पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक डिझाइनची, प्रत्येक साइझची निदान एक पिशवी उघडा आणि सीलबंद सॅम्पलशेजारी ठेवा.